बूम, जिंगल आणि माझी पितळी परात

पोरांच्या इंग्रजीनं आमच्या वस्तीचे कान किटवले व्हते, ते आधी सांगते. मंग तुमीच ठरवा माझं काय चुकलं.

सोपान गुरुजींनी केंद्राच्या इंग्रजी स्पर्धेसाठी माझ्या लेकीला, समृद्धीला, आन् वस्तीवरच्या पोरांना विषय दिला, मोठ्या आवाजांचे इंग्रजी शब्द. घंटा घणघणली तर काय म्हणायचं, पत्रा आदळला तर काय, ढोल घुमला तर काय. आता ते पुस्तकात बघून पाठ करावं का न्हाई? न्हाई. गुरुजी म्हणाले, आवाज काढा आन् शब्द शिका. गुरुजींचं काय जातंय, ते राहतात मंचरला.

आमची वस्ती म्हणजे चारच घरं, ज्याचं त्याच्या वावरात, मधी नुसता ऊस. बिबट्यापायी दिवस कलला की पोरांना आमी अंगणाबाहेर सोडत न्हाई. मंग ही पोरं आपापल्या घराच्या स्लॅबवर चढून अभ्यास करायची. एकानं शब्द वरडायचा, की ज्याच्या घरचा तो आवाज त्यानं वाजवायचं. सूरजच्या घरी औषध कालवायचं निळं पिंप, ते बूम. रामदासभाऊंच्या शर्यतीच्या बैलांच्या घुंगरमाळा, ते जिंगल. कालव्याकडच्या भगवंतभाऊंच्या पोरींनी गुरांच्या गळ्यातल्या जुन्या घंटा दोरीला ओवल्या व्हत्या, एकामागून एक सगळ्या वाजवायच्या, त्याला म्हणं पील म्हणतात. आन् क्लँग आमच्याकडं. म्हणजे माझी लग्नातली पितळी परात आन् लोखंडी उलथनं. पोचे पडले माझ्या परातीला.

रोज संध्याकाळी हा धिंगाणा. घरात त्याचा त्रास फक्त एका माणसाला न्हवता, आमच्या आत्यांना. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, धोंडाबाई. दोन्ही कानांनी ठार बहिऱ्या. कानाचं मशीन आणून दिलं तर पेटीत ठेवलं, म्हणाल्या डोक्यात भुंगा फिरतो. माझं आन् त्यांचं कधी पटलं न्हाई, आन् भांडावं तर त्यांना ऐकू जात न्हाई. मंग माणसानं करायचं काय?

शेवटी एक दिवस सकाळीच मी फर्मान काढलं. बाकीच्या तिन्ही घरी सांगून आले, आजपासून वाजवणं बंद, काय ते तोंडानं पाठ करा. समृद्धी रुसली, जेवली न्हाई. मी म्हणलं रुस.

त्याच दिवशी उन्हं उतरल्यावर मी स्लॅबवर वाळलेल्या कुरडया उलथन्यानं सोडवून परातीत भरत व्हते. समृद्धी तोंड फुगवून कठड्यापाशी बसलेली. तिचे पप्पा मंचरला बाजारात. घराम्होरं गुरांच्या घासाचं वावर, त्याच्या पल्याड ऊस, उसामागं कालवा. आत्या घास कापत बसल्या व्हत्या, उसाकडं पाठ करून. मी कंबर सरळ करायला उठले आन् सहज तिकडं बघितलं.

उसाच्या कडंला बिबट्या.

पोट जमिनीला लागलेलं, मुंडकं पुढं, शेपटीचं टोक तेवढं हलतंय. त्याच्या आन् आत्यांच्या मधी दोन-चार वाफे. खाली वाकून बसलेलं माणूस त्याला शेळीवाणी दिसतं, हे वनखात्याची माणसं दर वर्षी येऊन सांगतात. आत्या अगदी तशाच बसलेल्या, मुटकुळं करून.

आत्या, उठा, म्हणून मी अशी वरडले की घसाच फाटावा. आत्यांचा विळा आपला चालूच. जिन्यानं खाली पळावं तर मी पोचेपर्यंत खेळ खलास. बिबट्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आन् नजर परत आत्यांवर लावली.

मी परात उपडी केली. कुरडयांचा चुरा झाला तर झाला. उलथनं उचललं आन् हाणलं परातीवर, जीव खाऊन.

आन् काय सांगू तुमाला, तिन्ही बाजूंच्या स्लॅबवरनं पोरं खिदळत वरडली, "क्लँग!" त्यांना वाटलं काकूनं बंदी उठवली. मी बोंबलतेय बिबट्या, बिबट्या, आन् पोरं मला इंग्रजी शिकवतायत. माझा शब्द त्या गोंगाटात कुणाला कळंना. मोठी माणसं बी घरात निवांत, रोजचंच म्हणून. मला पोरांचा असा राग आला, आन् रडू बी.

तेवढ्यात समृद्धी उठली. रुसवा कुठल्या कुठं. कठड्याला टेकून तोंडाला दोन्ही हात लावले आन् वरडली, बूम. डावीकडं सूरजचं पिंप गरजलं. बिबट्यानं झटकन मान वळवली. पोरगी वरडली, जिंगल. उजवीकडनं रामदासभाऊंच्या घुंगरमाळा सळसळल्या. बिबट्या उभा राहिला. मंग ती थांबलीच न्हाई. बूम, जिंगल, बूम, आन् मधीच माझ्याकडं बोट करायची की मी परात हाणायची. दिवसभर दाबून धरलेली पोरं ती, अशी वाजवत व्हती की स्लॅब हादरत व्हता. माझ्या अंगात वारं शिरलं. अजून आवाज पाहिजे म्हणून मी पील वरडायला तोंड उघडलं, तर पोरीनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"मम्मी, पील नको. कालव्याची बाजू गप राहू दे. त्याला जायला वाट पाहिजे."

मला हे सुचलंच नसतं. तीन बाजू वाजत्या, कालव्याची तेवढी गप. बिबट्या एक-एक पाऊल मागं सरकला, अर्धा उसात शिरला. मी म्हणलं सुटलो.

पण भगवंतभाऊंच्या पोरी. त्यांना कुणी बोलवंना, सगळी वाजवतायत आन् आपण गप, ते त्यांना कुठलं सोसायला? त्यांनी घंटांची दोरी ओढली. घणाघणा सगळ्या घंटा एकदम. बिबट्या उसातनं उलटा फिरला. आता चारी बाजूंना आवाज, मधी फक्त आत्या. त्या घासाचा भारा बांधत व्हत्या, आन् तो त्यांच्याकडं चालायला लागला.

समृद्धीनं किंकाळी मारली, "पील, स्टॉप!"

आन् काय शहाण्या पोरी, स्टॉप म्हणल्यावर जागच्या जागी थांबल्या. तशी ही परत सुरू, बूम, जिंगल, क्लँग, मधी श्वास न्हाई. मी इतकी हाणली की उलथन्याचा दांडा वाकला. बिबट्यानं एक उडी घेतली ती थेट उसात. उसाचे शेंडे हलत हलत कालव्याकडं गेले. मंग तो भरावावर दिसला, तिथनं पल्याड उतरला.

परात हातात तशीच घेऊन मी खाली पळाले, मागं समृद्धी. आत्या भाऱ्यापाशी उभ्या. डोक्यावर उचलून द्यायला कुणी येत न्हाई म्हणून चिडलेल्या. मी त्यांच्या गळ्यातच पडले आन् हंबरडा फोडला. इतक्या वर्षांत मी कधी त्यांच्या गळ्यात पडले न्हवते. त्या जागच्या जागी पांढऱ्या पडल्या.

"काय गं, कोण गेलं?"

समृद्धीनं त्यांना हाताला धरून वाफ्याच्या कडंला नेलं. ओल्या मातीत पंजे उठले व्हते, भाऱ्यापासून जेमतेम एका वाफ्यावर. आत्या वाकून बघत राहिल्या. मंग विचारलं, मंग गेला कसा? मी परात दाखवली. सूरजचं पिंप अजून दणदणत व्हतं, घुंगरं सळसळत व्हती, आन् आत्या माझ्या तोंडाकडं नुसत्या बघत उभ्या. त्यांना काहीच न्हाई. मी त्यांचा हात धरला, परातीच्या बुडाला लावला आन् वरनं उलथनं हाणलं.

आत्या दचकल्या. पण हात काढला न्हाई. परात थरथरायची थांबेपर्यंत तसाच ठेवला.

"एवढं माझ्यापायी वाजवलं?"

मी मान हलवली. आत्यांनी पदरानं माझे डोळे पुसले, मंग परात माझ्याकडनं काढून घेतली, छातीशी धरली आन् स्वतःच्या हातानं एक दणका दिला. तिन्ही स्लॅबवरनं पोरांनी उत्तर दिलं.

"त्यांना ऐकू गेलं का गं?" आत्यांनी मला विचारलं.

गेलं, म्हणून मी मान हलवली. मंग त्यांनी अजून जोरात हाणली.