टोपीखालचा डाग

मित्रांनो, खुंटीवरची ही पिवळट, मळकी टोपी म्हणजे मी. हसू नका! एके काळी चोपड्याच्या बाजारात माझ्या कडक इस्त्रीचा रुबाब होता. शेतात, लग्नात, पंगतीत मी रुपचंद आबांच्या डोक्यावरच. सुनेसमोर तर आबा कधी बोडके दिसलेच नाहीत.

मग त्यांच्या कपाळाच्या वर, माझ्या काठाखाली, एक जांभळट गाठ आली. दुखत नव्हती, खाजत नव्हती, पण भराभर वाढत होती. आबा मला जरा पुढे ओढून घ्यायचे, की झालं! एक दिवस ती फुटली. माझ्यावर रक्त वाळून तपकिरी डाग पडला. त्यांच्या बायकोनं, भागाबाईंनी, विचारलं तर म्हणाले, "काय नही व, केळीना चीक शे." केळीचा डाग निघतोय कुठला! भागाबाईंनी मला धुवायलाही घेतलं नाही, शेतावरची टोपी म्हणून तशीच ठेवली. माझा जीव तळमळायचा, पण टोपीला तोंड कुठलं?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली तेव्हा ज्योतीनं, सुनेनं, घरातले सगळे मळके कपडे काढले. मी थंड पाण्यात पडले, डाग सुटला आणि पाणी तांबूस झालं. तिचा हात थबकला. मला ओलीच घेऊन ती ओसरीवर आली. आबा डोक्याला उपरणं गुंडाळून बसले होते.

"आबा, केळीना डाग कधी धुईसन जास का? डोकं दखाडा."

सुनेनं सासऱ्याला असं म्हणावं म्हणजे आक्रीतच! आबा तिच्यावर खूप ओरडले. मग त्यांनी उपरणं सोडलं.

जळगावच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. मर्केल सेल कॅन्सर निघाला. म्हातारपणी कातडीला होणारा, क्वचितच दिसणारा, पण फार झपाट्यानं पसरणारा.

"आबा, इतके दिवस का थांबलात?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखेच नही, मंग काय दखाडू?"

गाठ आजूबाजूच्या कातडीसकट कापली, तिथे मांडीची कातडी लावली. पण रोग आधीच मानेत उतरला होता. त्या कोवळ्या कातडीला मी टोचायचे, म्हणून मी उशाशी पडून असायचे. आबा मला नुसते हातात धरून बसत. बागेतले केळीचे घड उतरायच्या आत ते गेले. बोडकेच गेले हो!

भागाबाई आता मला खुंटीवरून काढतात, उलटी करतात, आत बघतात आणि परत टांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरी आबा असतील, नाना असतील, तर आजच त्यांची टोपी काढून बघा. ते रागावतील. रागावू द्या. रागवायला ते आहेत ना!