तळघरातला माग

राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार वेस्टरहोल्मबाई शनिवारी तळघर बघायला येणार हे कळलं आणि ताइस्तोच्या अंगात सेनापती संचारला. कोउवोला शहरातल्या त्याच्या इमारतीखाली जाड भिंतींचं तळघर होतं. लढाई पेटलीच तर सगळ्या बिऱ्हाडांनी तिथे जाऊन बसायचं, आणि त्याची जबाबदारी ताइस्तोवर होती. एरवी तिथे सामान ठेवायला हरकत नसे. हुकूम आला की तीन दिवसांत रिकामं करायचं, एवढीच अट. एरवी तिकडे तपासायला कोण फिरकतंय? पण यंदाच्या निवडणुकीत नवी विमानं, नवी रडारं आणि नव्या तोफा याखेरीज कोणी दुसरं बोलतच नव्हतं, आणि बाईंना सैन्याइतकीच तळघरंही सज्ज हवी होती.

तीन दिवस तो लोकांच्या मागे हात धुऊन लागला. स्की, घसरगाड्या, रानफळांच्या मुरंब्याच्या बरण्या, कोणाची तरी फुटकी होडी, सगळं वर गेलं. शनिवारी सकाळी एकच कप्पा कुलूपबंद उरला. तो त्याचा स्वतःचा होता.

"काय सेनापती," तिसऱ्या मजल्यावरची इर्मेली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आम्हाला पळवलंस, आणि स्वतःची किल्ली हरवली वाटतं?"

"खिशात आहे."

"मग खिशालाही कुलूप घातलंयस का?"

आत लेम्पीचा, त्याच्या बायकोचा हातमाग होता. ती गेली तेव्हा त्यावरची चिंध्यांची सतरंजी अर्धीच झाली होती, आणि अजून तशीच ताणलेली होती. उभा माग दारातून निघत नव्हता. खोलायचा तर सतरंजी कापावी लागणार, अशी ताइस्तोची पक्की समजूत. तो धीर त्याला सहा वर्षांत झाला नव्हता. कोणापाशी तो बोलला नव्हता, आणि कोणी विचारलंही नव्हतं. न बोलावता दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसणं म्हणजे तिथे महापाप.

बाई वेळेआधीच पोहोचल्या आणि तिथल्या रीतीप्रमाणे ठरलेल्या बाराच्या ठोक्यापर्यंत बाहेर बर्फात थांबल्या. मग कॅमेऱ्यांसकट खाली आल्या. लोखंडी दार बघून झालं, भिंतींवर थापट्या मारून झाल्या, आणि त्यांची नजर कुलपावर गेली.

ताइस्तोने किल्ली काढली. दार उघडताच लेम्पीचे निळे-तांबडे पट्टे दिसले. बाई जरा थबकल्या, मग मायेने म्हणाल्या, "राहू द्या हो. एक माग कुणाला नडतोय?"

झाली की सुटका! नुसतं हो म्हणायचं होतं. कॅमेरेसुद्धा आशेने बघत होते.

"नाही बाई," तो म्हणाला. "एवढ्या जागेत चार माणसं बसतात. ती बाहेर राहणार असतील तर तुमची नवी विमानं काय चाटायची आहेत? कोणीतरी कात्री आणा."

"कात्री कशाला, मेल्या?" इर्मेली पुढे आली. "ताण सैल करायचा, सतरंजी दांड्यावर गुंडाळायची आणि माग खोलायचा. एक धागा तुटत नाही. आईचा माग मी दरवर्षी खोलायची."

ताइस्तो तिच्याकडे वळला. "हे तुला ठाऊक होतं?"

"होतं की."

"सहा वर्षं? मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

आधी बाई हसल्या, मग सगळं तळघर. अर्ध्या तासात माग सुटा झाला. एक दांडा स्वतः बाईंनी खांद्यावर टाकून त्याच्या घरापर्यंत नेला. मागून त्यांचा सल्लागार रडारच्या भाषणाची आठवण करून देत जिने चढत होता. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

रविवारी मतदान झालं. संध्याकाळी इर्मेलीने ताइस्तोच्या खिडकीशी माग पुन्हा उभा करून दिला. मत कोणाला दिलं, हे तिने विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. दोघांनी कॉफी प्यायली. मग तो उठला, लेम्पीच्या चिंध्यांची पिशवी घेऊन आला आणि ती त्याने मागाशी ठेवली.

"इर्मेली," तो म्हणाला, "मला विणायला शिकवशील?"

"विचारलंस एकदाचं!" ती म्हणाली, आणि मागासमोरच्या बाकावर सरकून तिने त्याला जागा करून दिली.