गॅसबत्तीचे पाय

माझ्या नवऱ्याला, नीलेशला, जुन्या वस्तूंचं वेड आहे. जुन्या म्हणजे दुसऱ्यांच्या. घरातल्या जुन्या वस्तूला तो अडगळ म्हणतो आणि तीच भंगारवाल्याच्या गाडीवर दिसली की 'व्हिंटेज' म्हणून तिला मिठी मारतो.

यंदा त्यानं गॅसबत्ती आणली. साधी नाही, फ्लडलाइटवाली. पितळेची टाकी, हवा भरायचा पंप आणि मेंटलच्या, म्हणजे पेटणाऱ्या जाळीच्या, मागे परातीएवढी पत्र्याची थाळी, म्हणजे सगळा उजेड एकाच बाजूला पडावा. कारंज्याच्या एका ढाब्यामागे कोंबड्यांच्या खुराड्यात पडली होती. नीलेशनं गाडी मित्राला चालवायला दिली आणि बत्ती आमच्या सेलूपर्यंत स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला. आमची रक्षा जन्मली तेव्हा दवाखान्यातून येताना हा पूर्ण रस्ताभर फोनवर होता.

बत्तीला स्टँड नव्हता. टाकीखाली पाइपवर बसवायची नळी होती, पण ज्यावर बसवायची तो खांब आणि त्याचे पाय कुठेतरी गडप झालेले. आता आमचं दुकान हार्डवेअरचं. घराच्या पुढच्या खोलीत पाइप, नळ, नटबोल्ट, रंगाचे डबे. असल्या माणसाला एक स्टँड करायला कितीसा वेळ लागावा? महिना उलटला.

आधी त्यानं पूजेचा चौरंग घेतला. उजेड पाहुण्यांच्या गुडघ्यांवर पडेल म्हणून तो बाद. मग लहानू मंडपवाल्याकडून डीजेच्या स्पीकरचा तिपाई स्टँड आणला. त्याच्यावर बत्ती चढवली आणि हा मागे सरकून फोटो काढायला गेला, तेवढ्यात ती तोंडावर पडली. थाळीला पोचा आला. दोन दिवस घरात सुतक. त्यानंतर रंगाच्या बादलीत सिमेंट ओतून मध्ये पाइप उभा केला. हा रात्री टेकू लावायचा विसरला आणि सिमेंट वाळलं तेव्हा पाइप कलंडलेला होता. त्या पाइपाला मी कपडे वाळवायची दोरी बांधली. त्याच्या सगळ्या कारागिरीत उपयोगाला आली ती एवढीच वस्तू.

"दुकानातला पाइप घ्या, खाली तीन पाय लावून आणा वेल्डिंगवाल्याकडून. झालं," मी म्हटलं.

"तुले नाई समजत," तो म्हणाला. "दिवा जुना अन् स्टँड नवा, असं चालत नाई. बबनराव म्हणते, दिव्याची इज्जत जाते."

"कोंबड्यायच्या खुराड्यात होती तवा लय इज्जत होती का तिची?"

बबनराव म्हणजे त्याच्या जुन्या वस्तूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे प्रमुख, नागपूरचे. त्यांनी एखाद्या अडकित्त्याच्या फोटोला पसंतीचा अंगठा दिला की इकडे नीलेशला जेवण गोड लागतं. ते रविवारी स्वतः बत्ती पाहायला येणार होते. एवढा हरखलेला तो आमच्या लग्नातही नव्हता.

त्याच आठवड्यात मी आणि सासूबाई नणंदेकडे गिरडला बारशाला गेलो. परत आलो तर माझी शिलाई मशीन प्लायवूडच्या टेबलावर ठेवलेली. बाजूला एक मोटर. आणि मशीनचे ओतीव लोखंडाचे नक्षीदार पाय बाहेरच्या खोलीत, सोनेरी रंग मारून उभे. वर फळी, फळीवर पाइप, पाइपावर बत्ती. पायडल तारेनं बांधून टाकलेली.

ही मशीन सासूबाईंची. सासरे गेल्यावर त्यांनी तिच्यावर पोलकी शिवून नीलेशला शिकवलं, मग मला शिवणकाम शिकवलं. सेलूतल्या अर्ध्या नवऱ्या माझ्या हातची पोलकी घालून बोहल्यावर चढतात. मला रडू आलं नाही. संताप आला.

"काऊन तोंड पाडून राह्यली?" तो म्हणाला. "मोटर बसवून देली ना तुले. पायाचे कष्ट वाचले."

सासूबाई सोनेरी पायांकडे पाहत म्हणाल्या, "याची सारी शाळा या पायडलीवर झाली. अन् यानं तिले तारेनं बांधलं."

त्याला ते ऐकू आलं नाही. तो थाळी पुसत होता.

मी मोटरवर शिवून पाहिलं. गल्लीतल्या मीराबाईच्या मुलीची मंगळवारी हळद, तिची पोलकी माझ्याकडे शिवायला. पायडलीवर माझा पाय कुठे थांबायचं ते जाणतो. मोटर म्हणजे सुटलेलं वासरू. काठाजवळ थांबवायला गेले तर ती काठ चिरत पुढे गेली. रेशमात सुई चुकली की भोकं राहतात, उसवून भागत नाही. एक बाही वाया गेली. मी बाकीचं कापड घडी करून ठेवलं आणि पाय परत मागितले.

"रविवार होऊ दे," तो म्हणाला. "बबनराव पाहून गेले की सोमवारी तुह्ये पाय तुले वापस. माहा शब्द."

एका दिवसात सगळी पोलकी उरकावी लागणार होती. तरी मी थांबले. नवऱ्याचा शब्द होता ना.

रविवारी बबनराव दोन चेल्यांसह आले. टोपी, गॉगल, गळ्यात भिंग. बत्तीकडे त्यांनी भिंगातून पाहिलं, "ठीक आहे, पोचा आहे," म्हणाले आणि एकदम गुडघ्यांवर बसले. पायांपुढे.

"वा! ही ढलाई पाहा! असा माल आता मिळत नाई, नीलेशजी. माझ्या डायनिंग टेबलाले असेच पाय शोधून राह्यलो मी."

"मंग घेऊन जा ना, सर!" नीलेश म्हणाला. क्षणभरही थांबला नाही. "घरचेच हायेत. बत्तीसाठी मी दुसरं काही पाह्यतो."

तो माझ्याकडे बघायलासुद्धा वळला नाही. बारा वर्षांच्या संसारात मला या माणसाचा राग पुष्कळदा आला होता. किळस पहिल्यांदा आली.

मी दुकानात गेले, पाना घेतला आणि येऊन त्या तिघांच्या मधे जमिनीवर बसले. पहिला बोल्ट सैल केला.

"अंजू, काय करून राह्यली? पाहुणे हायेत," तो दात ओठ खात पुटपुटला.

"असू द्या."

चारही बोल्ट निघाले. बत्ती पाइपावरून उपसली, नीलेशच्या छातीशी नेली आणि त्याच्या दोन्ही हातांत ठेवली.

"धरा," मी म्हटलं. "आता तुम्हीच स्टँड."

एक चेला खोकला. मी फळी बाजूला सारली, पायडलीची तार तोडली आणि लोखंडी पाय एका बाजूने उचलले. दुसऱ्या बाजूला सासूबाई आधीच वाकल्या होत्या. आम्ही दोघी ते आत नेऊ लागलो. वाटलं, आता हा बत्ती खाली ठेवेल, मागे येईल, भांडेल तरी.

मागून बबनरावांचा आवाज आला, "नीलेशजी, जरा वर धरा. फोटोत थाळी नाई येऊन राह्यली."

मी वळून पाहिलं. त्यानं वर धरली होती.