अख्खा डबा

काहिराच्या शुब्रा भागात गाडीचं ऑइल बदलून देणारी दुकानं ढिगाने आहेत. पण ज्याची गाडी त्याच्या थोरल्या मुलापेक्षा वयाने मोठी, तो गपगुमान उस्ता वगदी, म्हणजे वगदी मिस्त्रीकडे येतो. नव्या दुकानातली पोरं गाडीकडे न बघता भिंतीवरच्या तक्त्याकडे बघतात. वगदी आधी इंजिन ऐकतो, मग मालकाला शिव्या घालतो आणि मगच गाडीखालच्या खड्ड्यात उतरतो.

काहिरात ऑइलच्या बाबतीत कुणी सख्ख्या भावावरही विश्वास टाकत नाही. डबा डोळ्यांसमोर उघडायचा, डोळ्यांसमोर ओतायचा आणि रिकामा झाला की गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने तो टोचायचा. नाही टोचला तर कुणीतरी त्यात जळकं ऑइल गाळून भरतं, वर नवं झाकण दाबतं आणि तो पुन्हा बाजारात येतो. त्यासाठी वगदीने खांबाला दोरीने एक जुना स्क्रू-ड्रायव्हर बांधून ठेवला होता. मोजकी जुनी गिऱ्हाइकं सोडली तर सगळे तो वापरायचे. पण बावीस वर्षांत त्याला एकदाही हात लावला नव्हता तो रिफात मास्तरांनी.

मास्तर सकाळी दहाच्या सुमाराला आले. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस आणि त्र्याऐंशी सालची पांढरी नस्र एकशे अठ्ठावीस गाडी.

"या मास्तर! आहे का अजून जिवंत?"

"कोण? मी का गाडी?"

"तुमचं काय, तुम्ही शंभरी गाठणार. मी गाडीचं विचारतोय."

"महिन्याभरापासून टक टक करते रे. सकाळी जास्त."

वगदीने कान लावला. वरच्या बाजूने आवाज येत होता खरा. "चाळीस वर्षांचं इंजिन आहे मास्तर. तुमचे गुडघे वाजत नाहीत?"

"वाजतात की."

"मग झालं तर."

मास्तर नेहमीच्या खुर्चीत बसले. चहा आला. "जावई कुवेतहून सांगतो," ते म्हणाले, "आता म्हणे पातळ ऑइल टाकतात. एकदा टाकलं की पंधरा हजार किलोमीटर बघायला नको."

"त्याच्या गाडीत टाकू दे की त्याला!" वगदी खड्ड्यातून ओरडला. "या बाईच्या आतल्या फटी झिजून रुंद झाल्यात. पातळ ऑइल टाकलंत तर सीलासीलातून गळेल, घरापर्यंत ठिपके काढत जाल. हिला जाड, साधं वीस-पन्नास ग्रेडचंच हवं, आणि तीन हजार किलोमीटरला बदललेलं. म्हाताऱ्या माणसाला मसुराचं सूप द्यावं, कुवेतचं जेवण नव्हे."

मास्तर पोट धरून हसले.

खालचा बोल्ट सुटला आणि गरम ऑइल घमेल्यात पडू लागलं. काळं येणारच, त्यात नवल नाही. पण आज ते फार पातळ पडत होतं. वगदीने दोन बोटांत घेऊन चोळलं, तर बोटांना धरेना. ऊन फार आहे यंदा, असं मनाशी म्हणून त्याने बोटं फडक्याला पुसली. शेवटचा थेंब पडेपर्यंत तो थांबला. अर्धवट गळू दिलेलं ऑइल म्हणजे अर्धवट घासलेलं भांडं, असं तो सगळ्यांना ऐकवायचा. मग फिल्टर बदलला, बोल्टला नवा तांब्याचा वायसर घातला, कपाटातून पाच लिटरचा नवा डबा काढला आणि मास्तरांसमोर धरला.

"सील बघा."

"तूच बघ. माझा चष्मा घरी आहे," मास्तर म्हणाले. हे त्यांचं दर वेळचं उत्तर होतं, चष्मा नाकावर असला तरी.

वगदीने झाकण फोडलं, इंजिनावर नरसाळं धरलं आणि डबा तिरका केला. तळ वर आला आणि बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. तळावर खिळ्याने कोरलेलं होतं, 'रिफात'.

अक्षर वगदीचं होतं. एकशे अठ्ठावीसला चार लिटरच्या वर थोडंसं लागतं. उरलेलं ऑइल तो गिऱ्हाइकाच्या नावाने फळीवर ठेवतो, मधे कमी पडलं तर घालायला. शाई पुसली जाते, म्हणून नाव खिळ्याने कोरायचं. हा डबा गेल्या वर्षीचा. तो याच फळीवर रिकामा झाला होता आणि आज नवं लेबल, नवं झाकण लावून परत आला होता.

लिटरभर आत गेलं होतं. वगदीने डबा सरळ केला, कपाटाशी जाऊन उरलेले डबे एकेक करून उलटे केले. एकावर 'अफाफ' होतं, एकावर 'डॉक्टर'. बाकीचे कोरे होते. हा माल त्याने झैनहुम नावाच्या व्यापाऱ्याकडून दोनेक महिन्यांपूर्वी आणला होता, चार पैसे स्वस्त पडला म्हणून. तेव्हापासून एकोणीस गाड्यांत गेला होता. मास्तरांच्या गाडीत दीड महिन्यापूर्वी अर्धा लिटर वर घातला होता, तोही त्यातलाच.

आणि झैनहुमला हे डबे कुणी पुरवले? भंगारवाल्याने. भंगारवाल्याला कुणी विकले? खुद्द वगदीने. टोचलेल्या डब्यापेक्षा अख्ख्या डब्याला तो दुप्पट देतो. अख्खा डबा कशाला लागतो, हे शुब्र्यातलं शेंबडं पोरही सांगेल. वगदीला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. त्याने फक्त कधी विचार केला नव्हता. जे त्याच्यावर विश्वास ठेवून टोचत नव्हते, त्यांचेच डबे अख्खे राहत होते, आणि त्यांच्याच गाड्यांच्या मुळावर तो उठला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते हेच!

झाकली मूठ सव्वा लाखाची, त्याच्या मनात आलं. मास्तरांना काय दिसणार? दुसरा डबा ओतायचा, पाठ थोपटायची, निरोप द्यायचा.

"काय झालं रे?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. हा पातळ निघाला. चुकून दुसरा आला."

"बरं बरं. तू बघशील ते बरोबर." आणि मास्तर पुन्हा चहा प्यायला लागले.

त्या 'बरोबर'पेक्षा मास्तरांनी शिवी दिली असती तर बरं, असं वगदीला झालं. त्याने डबा उचलला आणि मास्तरांच्या मांडीवर पालथा ठेवला.

मास्तरांनी वाचलं. एकदा वाचलं, मग बोट फिरवून पुन्हा वाचलं. चष्मा आज नाकावरच होता.

"हे तर माझं नाव."

"हो."

"नव्या डब्यावर?"

वगदीने सगळं सांगितलं. सांगताना त्याची मान खाली होती. मास्तर कपाळावर आठी घालून ऐकत राहिले, आणि मग एकदम भडकले.

"अरे, बायको मला दर वेळी म्हणते, सगळे टोचतात, तुम्हीच काय शहाणे? मी तिला सांगायचो, वगदीसमोर स्क्रू-ड्रायव्हर उचलायची मला लाज वाटते. लाज! आणि तू माझी लाज भंगारात विकलीस?"

"मारा मला मास्तर. पण आधी हे इंजिनातलं काढू द्या."

वगदीने खालचा बोल्ट पुन्हा सोडला. लिटरभर ऑइल सुळसुळत खाली गेलं. दोघंही तिकडे बघत राहिले.

"पंपावरून चांगला डबा आणतो," वगदी म्हणाला. "आत्ता जातो."

"थांब. माझी गाडी कुठे जात नाही, तिच्या पोटात काही नाही. ज्यांच्या गाड्या आत्ता रस्त्यावर पळताहेत त्यांचं काय? वही काढ."

वगदी किलोमीटरची वही ठेवायचा. कुणाची गाडी, किती चालली, मालकाचा फोन नंबर, सगळं त्यात होतं. मास्तरांनी ती मांडीवर घेतली, एकोणीस नावांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि पहिला नंबर मोठ्याने वाचला. मादाम अफाफ, लग्नाचे कपडे शिवणारी बाई. तिची जुनी फियाट रोज मालाने लादलेली असते. वगदीने फोन लावला.

"मादाम, मी वगदी. झैनहुमने मला खोटा माल दिला. तुमच्या गाडीत जे ऑइल घातलं ते—"

मास्तरांनी वहीवर पेन्सिल आपटली. "हे अर्धंच झालं. पुरतं सांग."

वगदी खांबाला टेकून उभा राहिला.

"मादाम, ते डबे माझ्याच दुकानातले होते. मीच विकले. अख्खे. जास्त मिळतात म्हणून. तुम्ही माझ्या भरवशावर टोचत नव्हतात, त्यातलाच एक तुमचा."

पलीकडे शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं. मग तिने विचारलं, तेही रागाने नाही, खरंच कळेना म्हणून, "मग आता मी कुणाकडे जायचं, उस्ता?"

वगदीने मास्तरांकडे बघितलं. मास्तर पुढच्या नंबरावर बोट ठेवून बसले होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

"माझ्याकडेच या," वगदी म्हणाला. "ऑइल मात्र तुम्ही घेऊन या."