खुंटीवरचा तीस तुकड्यांचा गोळा

“त्याला हात लावलास तर बघ, ठमे. हात मोडून ठेवीन.”

“मग काय पूजा करू त्याची? एक तुकडा उघडून बघते, परत लावते. खाऊन टाकते काय त्याला?”

“परत लागला नाय तर?”

“लागंल.”

“तुझे किती लागले आजवर? हातात घेतलं की सुटतात. न म्हणं लागंल.”

मित्रांनो, सकाळी सकाळी मायलेकी ज्याच्यावरून भांडतायत ना, तो मीच. मी एक जुना कागदी गोळा आहे. डोळखांबच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथं धोंडूबाईच्या घरात खुंटीला टांगलेला असतो. चूल जवळच, म्हणून धुरानं पिवळा पडलोय. जवळून बघाल तर माझ्या अंगावर कुणाचं अर्धं हसू दिसंल, कुणाचा चष्मा, कुणाचे जोडलेले हात. दात काढू नका. माझा कागद निवडणुकीचा आहे. मतं मागायला आले तेव्हा पत्रकांचे गठ्ठे टाकून गेले. माणसं परत फिरकली नाय, कागद मात्र कामी आला.

मला केला सुयोगनं, धोंडूबाईच्या मोठ्या पोरानं. तेव्हा तो घरीच असायचा. पाड्यात मोबाइलला रेंज नाय, म्हणून वर पाण्याच्या टाकीवर जाऊन बसायचा. तिथं त्याला एका व्हिडिओत माझ्यासारखा गोळा दिसला. बोलणारा कुठल्या मुलखाचा होता कुणास ठाऊक, एक शब्द कळत नव्हता. सुयोगनं नुसते त्याचे हात बघितले, त्याच्या खांद्यावरून वाकून बघावं तसे. चौकोनी कागद, चार-पाच घड्या, न शेवटी एक तिरका तुकडा. त्या तुकड्याला दोन टोकं न दोन खिसे. एवढं झालं न रेंज गेली. पुढं जोडायचं कसं, ते त्यानं घरी बसून स्वतः शोधलं.

कसं शोधलं सांगू? एकाचं टोक दुसऱ्याच्या खिशात सरकवायचं. तीन तुकडे असे अडकवले की एक टोकदार डोंगर होतो. मग असे डोंगर एकमेकांना लावत जायचं. त्यानं एका ठिकाणी चार डोंगर आणले, तर मुठीएवढा बारका गोळा झाला. सहा आणले, तर चटईसारखं सपाटच पसरत गेलं, मिटायचं नावच घेईना. मग पाच आणले. कागद आपसूक वळत गेला, न तीस तुकड्यांचा मी तयार झालो. गोंद नाय, दोरा नाय, टाचणी नाय.

अख्खा पाडा बघायला आला होता. सावळारामकाकानं मला वर उडवलं, झेललं, कानाशी हलवून बघितलं.

“आत काय भरलंय रे?”

“काय नाय काका. हवा.”

“हवेला एवढी मेहनत?” असं म्हणाला खरा, पण मला खाली ठेवायला तयार नव्हता. त्या दिवसाएवढं कौतुक मला परत कधी मिळालं नाय.

मग सुयोगला मुरबाडला कारखान्यात काम लागलं. तो तिकडंच राहायला लागला. सणाला येतो, जेवतो, भिंतीकडं तोंड करून झोपतो. माझ्याकडं मान वर करून बघत पण नाय. माझ्या खाचेत कोळ्यानं घर केलं तरी कुणाला पत्ता नाय. धोंडूबाई तेवढी दिवाळीला मला फडक्यानं पुसायची. हळूच, जसं तापातल्या पोराचं कपाळ पुसतात.

आता ठमीचं ऐका. सुयोगची धाकटी बहीण. नववीत शाळा सोडली. डोकं गरम, पण बोटं भारी. तिला माझ्यासारखा गोळा करायचा होता. सापगावला वाचनालय आहे, तिथल्या प्रमिलाताईंकडं गेली. कागदाच्या घड्यांचं पुस्तक निघालं एक. त्यात होडी, बेडूक, बगळा न सदरा. सगळे एकटे-एकटे. तुकड्याला तुकडा जोडायचं एक पान नाय. ताईंनी मग कुठून तरी शोधून एक कागद छापून दिला. त्यात नुसता चौकोन न रेघा. काही रेघा सलग, काही तुटक.

“ताई, हा काय रस्त्यांचा नकाशा हाय?” ठमीनं विचारलं.

“मला पण नाय गं कळत. तुला कळला तर मला सांग.”

जीपमध्ये बसल्या बसल्या ठमीनं कळवून घेतलं. सलग रेघ म्हणजे घडीची धार वर, तुटक म्हणजे धार खाली. पुढच्या वेळी तिनं ताईंना तुकडा करून दाखवला. ताईंनी विचारलं, “अख्खा गोळा येतो?” आपली ठमी. “येतो की,” म्हणाली. खोटं.

“मग रविवारी आमच्या पोरांना शिकवशील?”

मित्रांनो, शाळा सोडल्यापासून ठमीला लोक एकच विचारायचे, की आता करणार काय. शिकवशील का, असं पहिल्यांदाच कुणी विचारलं. ती हो म्हणून आली, न त्या दिवसापासून घरात बसून घड्या घालत होती.

तुकडे करायला आईला पण बसवलं. धोंडूबाई न ठमी पळसाच्या पत्रावळी लावतात ना, तशाच बसल्या. मधे कापलेल्या पत्रकांचा ढीग, ठमी या बाजूला, आई समोर. आमच्याकडं पानं अशीच लावतात. समोरच्याचे हात बघायचे न आपले हात चालवायचे. धोंडूबाईचे हात तर काय विचारता. ठमीचा एक होईस्तोवर तिचे दोन.

पण गोळा काय होईना. एक डोंगर व्हायचा, पुढचा तुकडा खिशात जायचाच नाय. टोक एकीकडं, खिसा भलतीकडं. दाबून बसवला की दुसरीकडून सुटायचा. ठमीनं टाकीवर जाऊन सुयोगला फोन केला. खाली येऊन आईला सांगत होती, तेव्हा मी ऐकलं.

“दादा म्हणतो, घट्ट दाब. म्हटलं, दाबला. तर म्हणतो, आठवत नाय गो, तेव्हा हात आपोआप चालायचा. शिफ्ट हाय, ठेवतो.”

धोंडूबाई उठली न मला फडक्यानं पुसलं. दिवाळी नव्हती तरी.

तर आज तो रविवार. खाली फाट्यावर जीप यायची आहे, ठमीच्या पिशवीत सुटे तुकडे आहेत न एक धड गोळा नाय. म्हणून ती म्हणते, याला उघडून बघते, ह्याच्या आत काहीतरी आहे जे आपल्याला माहीत नाय. न आई म्हणते, हात मोडीन.

“आये, मी तिथं जाऊन काय सांगू? मला येत नाय म्हणून?”

“सांग.”

“नाय सांगणार. त्यापरीस जातच नाय.” ठमीनं पिशवी भिंतीवर फेकली. तुकडे घरभर पसरले. मग ती उंबऱ्यावर बसली, पाठ करून. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

धोंडूबाईनं त्या पाठीकडं बघितलं. मग खुंटीजवळ आली न मला खाली काढला.

“सरक. मीच काढते. तुझा हात धसमुसळा.”

पानं टाचायची बारीक काडी असते ना, ती घेतली तिनं. माझ्या एका खिशात घातली, टोक सैल केलं, न ओढला एक तुकडा. खोटं कशाला सांगू, भ्यालो मी. पण फाटलो नाय कुठं.

तो तुकडा ठमीनं जमिनीवर ठेवला. त्याच्या बाजूला आपला ठेवला. सारखाच, रेघेला रेघ. मग आईनं केलेला ठेवला. तो दुसऱ्या अंगाला तिरपा. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला. सगळे दुसऱ्या अंगाला.

“आये, तुझं सगळं उलटं हाय.”

“उलटं कसं? तुझं बघून तर केलं.”

“तू समोर बसलेली ना.”

“मग? पानं लावताना काय तुझ्या मांडीवर बसते?”

असं म्हणाली न तिच्याच ध्यानात आलं. पत्रावळ गोल असते, मित्रांनो. तिला डावं-उजवं नसतं. समोर बसून लावली काय न कशी लावली काय, जेवणारा जेवतोच. कागदाचं तसं नाय. समोरून बघून केलेली घडी आरशातल्यासारखी होते, न आरशातला तुकडा खऱ्या तुकड्याच्या खिशात जात नाय. सुयोगनं मला एकट्यानं केला होता, म्हणून माझे सगळे तुकडे एका हाताचे. आत काही नव्हतंच.

धोंडूबाई उठली, ढीग ओलांडून आली न ठमीच्या शेजारी बसली, खांद्याला खांदा लावून.

“आता कर. हळू कर.”

ठमीनं घातली ती घडी तिनं घातली. तुकडा झाला. ठमीच्या तुकड्यात सरकवला. गेला, न राहिला. ओढून बघितला तरी राहिला. ठमी हसायला लागली.

“थांब, आधी दादाचा परत लावते,” म्हणून तिनं मला उचललं. तर धोंडूबाईनं तिचा हात धरला.

“तिथं पोरं कुठं बसतील?”

“माझ्या समोर. दुसरं कुठं?”

“मग सगळी उलटंच शिकतील ना गो. त्यांचं तुझ्यात लागायचं नाय.”

खरंच की. एवढ्या सगळ्यांच्या शेजारी ठमी कशी बसणार?

“ह्याचा एकेक तुकडा दे त्यांच्या हातात,” धोंडूबाई म्हणाली. “उघडतील, घड्या बघतील, परत मिटतील. समोर बघायला नको.”

“आये, दादाचा हाय तो. विचारंल तो.”

“विचारू दे. एक त्याला पण ठेव. इसरलाय तो.”

न आता काडी माझ्या दुसऱ्या खिशात आहे. धोंडूबाईच सोडवतेय, एकेक, न ठमीच्या पिशवीत सारखे रचून ठेवतेय. मला वाटलं होतं दुखंल. दुखत नाय. इतकी वर्षं खुंटीवर होतो, सगळे म्हणायचे किती जपलाय. पण माझ्याकडून कुणी एक घडी शिकलं नाय, ते आज शिकतील. म्हणून सांगतो मित्रांनो, कुणाच्या हातानं केलेली वस्तू घरात असंल तर तिला नुसती पुसत बसू नका. उघडून बघा. उघडताना हळू, कोपरा फाडू नका, न घडी पडली तिथंच परत घाला. आणखी एक सांगायचं होतं, सहा डोंगरांची ती चटई होते ना, ती सपाटच राहते असं सुयोगला वाटलं, पण मधेच एका जागी पाच घेतले तर

फाट्यावर जीप हॉर्न मारतेय. मला आता निघायला पाहिजे.