एका तारेवर चार जेवणारे

मित्रांनो, तेल्हाऱ्यात मुनव्वरच्या घरी कपाटाच्या माथ्यावर दोन शिंगं उभारून बसलेला मी एक जुना राउटर आहे. माझं अंग तळहाताएवढं, त्यावर हिरव्या दिव्यांची एक ओळ. टेलिफोनच्या तारेतून बाहेरचं जग थेंबाथेंबानं माझ्यात उतरतं आणि मी ते घरातल्या संगणकांना वाटून देतो. माझ्या शिंगांवर कधी हीनाची ओढणी वाळली, कधी अजहरचा मोजा. मी तक्रार केली नाही. वाटणाऱ्यानं कुरकुर करू नये.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते अकोल्याहून एसटीत मुनव्वरच्या मांडीवर बसून येणं. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय हो डब्यात?"

"इंटरनेट."

"मंग नीट धरा, सांडन."

मुनव्वर घरी बसून लग्नपत्रिका सजवायचा. कोणाच्या पत्रिकेवर गणपती, कोणाच्या पत्रिकेवर चांदतारा, पण कडेला मोर सगळ्यांना सारखाच. पत्रिका तयार झाली की माझ्यातून अकोल्याच्या छापखान्यात जायची. त्याचा मोठा संगणक घरातला कर्ता. दुसरा त्याच्या मुलीचा, हीनाचा, कॉलेजचा लॅपटॉप. तिसरा त्याच्या धाकट्या भावाचा, अजहरचा; त्यात अभ्यास कमी आणि क्रिकेट फार. चौथा चिमुकला, मुनव्वरच्या आईचा. खुर्शीदबी त्यावर बार्शीटाकळीच्या बहिणीशी रोज बोलायच्या. बहीण समोर दिसायची, तरी बार्शीटाकळीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या.

मग बोंडअळीचं साल आलं. कापूस बोंडातच किडला. लग्नं पुढं ढकलली गेली, जी झाली त्यांचं निमंत्रण मोबाइलवर गेलं. त्या उन्हाळ्यात मुनव्वरकडे छापायची पत्रिका एकच आली, खुशालरावांच्या लेकीची, प्रणालीची.

"पयली पत्रिका देवापुढं ठेवा लागते," खुशालराव म्हणाले होते. "देवाले काय व्हाट्सअप करू?"

शुक्रवारी संध्याकाळच्या आत ती अकोल्याला पोचायलाच हवी होती. छापखान्याचा मालक स्वतःच्या मुलाच्या लग्नाला निघाला होता. एकदा कुलूप लागलं की ते प्रणाली सासरी गेल्यावरच उघडणार होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात चारही संगणकांना अपडेट आलं. अपडेट म्हणजे संगणकाची डागडुजी. पण हे तर एवढं अवाढव्य, की जुनं घर उतरवून नवंच बांधावं. पहिलं कोणाचं, यावरून भांडण जुंपलं.

"माझं पयले," अजहर म्हणाला.

"चाचू, तुमाले मॅच पाहाची हाय. मले परीक्षा हाय."

"माझं राहू द्या," मुनव्वर म्हणाला, "पत्रिका हाय त्यात."

खुर्शीदबींनी हात वर केला. "या घरात जेवाचं दस्तरखान एकदाच पसरते. एक जेवून रायला अन् तिघं तोंड पाहून रायले, असं मी होऊ देनार नाई. चौघंय संगच बसतीन."

आईच्या शब्दापुढं मुनव्वरचा शब्द कधी उभा राहिलेला नाही. चारही बटणं एकदम दाबली गेली.

एका गाईच्या भवती चार वासरं जमली,
चारी मुखं एका वेळी, धार दुधाची थांबली.

मित्रांनो, ती गाय म्हणजे मी. तार बारीक, ओढणारे चार. माझे दिवे फडफडले, अंग असं तापलं की खुर्शीदबी म्हणाल्या, "याच्यावर पापड वाळतीन." रडतखडत सगळं उतरलं ते थेट शुक्रवारी दुपारी. चारही पडदे एकदम निळे झाले. ‘संगणक बंद करू नका’ अशी पाटी आली आणि खाली ठिपक्यांचं रिंगण फिरू लागलं.

तेवढ्यात घाम पुसत खुशालराव आले. "मुनव्वरभाई, नवरीच्या मोठ्या मामाचं नाव रायलं. नाई छापलं तर मांडवात रुसून बसन." मग त्यांची नजर पडद्यावर गेली. "हे काय फिरून रायलं?"

"जेवून रायले चौघं," खुर्शीदबी म्हणाल्या.

सगळी हकीकत ऐकून खुशालरावांनी मोठ्या संगणकाकडे पाहत कपाळावर हात मारला. "चाची, आमच्या पंगतीत वाढपी शेवटी बसते. तुमी तर वाढप्यालेच पयल्या पंगतीत बसवलं! आता वाढीन कोन?"

अजहर हसला. मुनव्वर हसला नाही. आणि वीज गेली.

लॅपटॉपांच्या पोटात आपापली बॅटरी होती. मोठ्या संगणकाला आधार फक्त म्हाताऱ्या इन्व्हर्टरचा, आणि तो लगेच टीं टीं करू लागला.

"अब्बा, आता मधेच बंद पडला तर पत्रिका जाईन, अन् संगणकही उठनार नाई," हीना हळूच म्हणाली.

खुर्शीदबी उठल्या. "पंखे बंद करा."

तेल्हाऱ्यात, मे महिन्यात, पंखे बंद! मग फ्रिज बंद. अजहरनं नमुन्याच्या जुन्या पत्रिका वाटल्या आणि सगळे मिळून त्या संगणकाला वारा घालू लागले. खुशालराव स्वतःला वारा घेताना दिसले, तशा खुर्शीदबी ओरडल्या, "तुमाले नाई, त्याले!" त्यांनी दुआ पुटपुटून पडद्यावर फुंकर घातली. खुशालराव गजानन महाराजांना हाका मारत होते. इन्व्हर्टरची टीं टीं वाढत गेली. मुनव्वरची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

"याचं काम झालं. काढ."

माझे दिवे विझले. रागानं नव्हे, मित्रांनो, एका काळजीनं मी अंधारात गेलो. पत्रिका वाचली तर तिला नेणार कोण?

जाग आली तेव्हा वीज आलेली नव्हती, पंखे बंदच होते. समोर घामानं निथळणारे चेहरे होते, आणि मोठ्या पडद्यावर मोर! हीनानं बाकी तिघांचं इंटरनेट बंद करून त्यांची तोंडं बांधून ठेवली होती. मुनव्वरनं मामाचं नाव टाकलं आणि पत्रिका माझ्या हवाली केली. अख्खी तार तिच्या एकटीची. पालखीत बसून गेली म्हणा ना.

मोबाइल वाजला. छापखान्यातून आवाज आला, "आली पत्रिका. पन मामाच्या डोक्यावर मोर बसला, जरा सरकवू का?"

"सरकवा!" खुशालराव ओरडले. त्याच क्षणी इन्व्हर्टरनं प्राण सोडला. त्या वेळी मात्र मी हसत विझलो.

तेव्हापासून या घरात अपडेट पंगतीनं होतं. पहिला मान खुर्शीदबींच्या चिमुकल्याला, कारण काही बिघडलंच तर फक्त बार्शीटाकळीचं बोलणं थांबतं, आणि त्याचं दुःख घरात कोणाला होत नाही. मग अजहर, मग हीना. मुनव्वरचा मोठा सर्वात शेवटी, तेही हातातली पत्रिका पोचल्यावरच. "दस्तरखान तेच हाय," खुर्शीदबी सांगतात, "फक्त चारदा पसरते."

माझं स्वतःचं अपडेट मात्र आजवर कोणी केलेलं नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी असं कोणीतरी वाटत बसलेलं असेल, कपाटावर नाहीतर चुलीपाशी. सगळ्यांनी एकदम हात पुढं करू नका. आणि आपलं पोट भरलं की उठून जाण्याआधी त्यालाही विचारा, "तुझं झालं का?"