आज किती धरलेस?

मी यष्टिरक्षकाचा डावा हातमोजा बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, मी संशयी आहे. उभा जन्म यष्ट्यांमागे गेला. चेंडू कड घेईल का, फलंदाजाचा पाय रेषेबाहेर राहील का, याच घोरात. असल्याचा स्वभाव भोळा कसा राहणार?

माझं कातडं कुठल्या गाईचं, शिवलं कुणी, मला ठाऊक नाही. आठवतं ते सॅन फर्नांडोच्या दुकानातलं काचेचं कपाट आणि काचेला नाक लावून उभा असलेला सूकदेव. त्याने मला आणि उजव्याला हातांत चढवलं, मुठी आपटल्या, वास घेतला आणि देबे गावी घरी नेलं. गावच्या संघासाठी तो वर्षानुवर्षं आमच्या भरवशावर खेळला. त्याची करंगळी वाकडी झाली ती माझ्यातच. पण खापर त्याने माझ्यावर कधी फोडलं नाही. गुडघे गेले तेव्हा त्याने आम्हाला तेल चोळलं आणि मुलीच्या, शर्लीनच्या, हवाली केलं. "उन्हात टाकू नकोस यांना," एवढंच म्हणाला.

शर्लीनचा हात लहान, पण भलताच चपळ. सरावात तिच्या हातून काही सुटायचं नाही. सामन्याच्या दिवशी मात्र आम्ही आंब्याखाली. ती पॅड बांधून बसायची आणि कप्तान हरिलाल ऐन वेळी कुणाचा तरी भाचा उभा करायचा. "पुढच्या शनिवारी नक्की हं, बेटा," असं म्हणायचा. पुढचा शनिवार आंब्याखालीच यायचा.

सूकदेवला याची खबर नव्हती. तो शनिवारी भाड्याची मॅक्सी टॅक्सी चालवायचा. संध्याकाळी रोटी आणि वांग्याचा चोखा पुढ्यात आला की विचारायचा, "आज किती धरलेस?"

"एकही नाही, बाबा. चेंडू आलाच नाही."

मग एका शनिवारी शर्लीन आम्हाला न घेताच गेली. विसरली असेल, म्हटलं. पुढच्या शनिवारीही तेच. आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "सहा धरले, बाबा. एक सुटला." सूकदेव एवढा खूश झाला की त्याने आणखी एक रोटी मागून घेतली.

इकडे कपाटात माझा जीव वर-खाली. आम्ही दोघं इथे, मग धरले कुणी? नवी जोडी आणली? ती कपाटाजवळून गेली की मी वास घेऊ लागलो. गवत, घाम, चिखल, आणि कसलं तरी कातडं, पण आमच्यातलं नव्हे. आमच्या चेंडूला मेणाचा वास असतो.

संशय मला एकट्यालाच आला नव्हता. घरात मौसी होती, शर्लीनच्या आईची बहीण. आई गेल्यापासून तिनेच घर सांभाळलेलं. कपडे धुता धुता तिने सूकदेवला ऐकवलं, की यष्टिरक्षकाचे गुडघे मळतात, हिची कूस आणि कोपरं मळतात. कुठे लोळून येते पोरगी? पोराबिराची भानगड असेल, तू आपला झेल मोजत बस.

पुढच्या शनिवारी सूकदेवने मॅक्सी काढलीच नाही. कपाट उघडलं. आम्हाला तिथे पाहून त्याचा चेहरा उतरला. आम्हाला काखेत मारून तो क्रिकेटच्या मैदानावर गेला. हरिलालने खांदे उडवले. बरेच आठवडे आली नाही म्हणाला. कुंपणाशी चण्यांचे डबल्स विकणारीने नुसत्या हनुवटीने शाळेमागचं मैदान दाखवलं.

तिथे शर्लीन दोन खांबांच्या मध्ये उभी होती. समोरून एक धिप्पाड मुलगी धावत आली आणि तिने चेंडू लाथेने हाणला. शर्लीन आडवी झेपावली, कुशीवर आपटली, चेंडू छातीशी धरून उठली आणि तिला बाप दिसला.

"हे काय चाललंय?"

"धरतेय, बाबा."

"खोटं सांगत होतीस मला."

"तुम्ही 'किती धरलेस' एवढंच विचारत होता. जेवढे धरले तेवढेच सांगितले." मग आवाज उतरला. "पॅड बांधून झाडाखाली बसायचा कंटाळा आला. इथे मला कुणी बसवून ठेवत नाही."

सूकदेवने काखेतल्या आमच्याकडे पाहिलं. आंब्याखालचं मला सगळं माहीत होतं; पण हातमोज्याला विचारतो कोण? तो परत फिरेल असं मला वाटलं होतं. तो गवतात बसला. थोड्या वेळाने ओरडला, "चेंडूकडे बघ, तिच्या पायाकडे नको!"

तेव्हापासून तो दर शनिवारी तिथेच. काय तर म्हणे, लक्ष ठेवायला. गोलाचे खांब हलवून बघतो, चेंडू अंगठ्याने दाबतो, पंचाच्या घड्याळावरही त्याचा विश्वास नाही. गावात बोभाटा झाला की सूकदेव फुटला. हरिलाल घरी आला आणि खाली मान घालून म्हणाला, "आमच्यातलं कुणी पोरीला काही बोललं का?"

"नाही," सूकदेव म्हणाला. "ती झाडाखाली बसून होती तेव्हाही कुणीच काही बोललं नाही. तेच तर."

हरिलाल चहा न घेता गेला.

गेल्या आठवड्यात शर्लीनच्या फुटबॉलच्या हातमोज्यांचे तळवे फाटले, अन् शनिवारी अंतिम सामना. नवे मिळेनात. सूकदेवने कपाट उघडलं, उजव्याला बाहेर काढलं, बराच वेळ नुसता कुरवाळत बसला. मग मौसीची कात्री घेऊन त्याच्या तळव्याचं रबर सोलून काढलं आणि शर्लीनच्या हातमोज्यांना जाड दोऱ्याने शिवलं. मी कपाटातून बघत होतो. ज्याच्याबरोबर जन्म काढला, त्याला बघता बघता फुटबॉलवाल्यांच्या ओटीत घातलं. त्या रात्री सूकदेवची मला किळस आली.

शनिवारी अंधार पडता पडता ती दोघं परतली. शर्लीनने ते ठिगळ लावलेले मोजे माझ्याशेजारी ठेवले. मी वास घेतला. चिखलाखालून उजव्याच्या रबराचा ओळखीचा वास आला. कितीतरी महिन्यांनी त्याला ताज्या गवताचा वास होता.

आता मी एकटाच आहे. सूकदेव कात्रीला हात लावतो तेव्हा मी अजून माझी बोटं मोजतो. या नव्या खेळावर माझा विश्वास नाही, आणि बसेल असंही वाटत नाही. पण सूकदेव, माझं रबर अजून चिवट आहे, बघ तरी. त्या पोरीचा हात उघडा पडू लागला, तर मला विचारत बसू नकोस.